अडीच फुटी पाऊल

माझ्या व्याह्यांची खरी ओळख मला झाली ती माझ्या कुरडया त्यांच्या बुटाखाली गेल्या तेव्हा. लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं. संगमनेरच्या आमच्या घराच्या गच्चीवर जुन्या धोतरावर दोन पायली गव्हाच्या कुरडया वाळत होत्या, आणि हे गृहस्थ हळदीच्या मांडवासाठी गच्ची मोजायला आले. मांडववाल्याचा भरवसा नाही म्हणाले. एका कठड्याला टाच लावली आणि निघाले नाकासमोर. मी ओरडले, अहो पाहुणे, वाळवण आहे. त्यांनी माझ्याकडे न बघता नुसता पंजा वर केला, गप्प बसा असा, आणि कुरडयांमधून कर्रम कर्रम चालत पलीकडच्या कठड्याला पोचले.

"अठरा," म्हणाले. "म्हंजे पंचेचाळीस फूट. हां, बोला आता, विहीणबाई."

काय बोलणार? मुलाकडचे ना ते. त्यांच्या बुटाच्या खाचेत एक अख्खी कुरडई अडकली होती, ती घेऊनच ते जिना उतरले.

हे श्रीगोंद्याकडचे. एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म घालवलेला. कुणी किती ऊस लावला, त्याची नोंद करायची, प्लॉटला नंबर द्यायचा आणि नंबर येईल तशी तोड द्यायची, हे काम. पिशवीत टेप असायचा म्हणे, पण तो कधी बाहेर निघाला नाही. टेप ताणला की वाढतो, उन्हात वाढतो, माझं पाऊल वाढत नाही, अडीच फूट म्हणजे अडीच फूट, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. "मोजलं ते खरं" हे त्यांचं बोधवाक्य. एका माणसाच्या उसाला तुरा फुटला, वजन घटायला लागलं, तो बिचारा रोज सकाळी यांच्या दारात येऊन उभा राहायचा. हे त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. रजिस्टर उघडून त्यालाच त्याचा नंबर वाचून दाखवायचे. मला हे त्यांच्या बायकोनं सांगितलं. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही. अक्का त्या माणसाला रोज चहा द्यायची, कारण तिला दुसरं काही देता येण्यासारखं नव्हतं.

आणि विचारायचं म्हणून नाही कुणाला. हा दुसरा गुण. सोयरीक जुळली तेव्हा पहिल्यांदा आमच्या घरी यायला निघाले, तर संगमनेरात शिरल्यावर सव्वा तास गाडी गोल गोल फिरवली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीनदा येऊन गेले. तिथं पानवाला आहे, पिठाची गिरणी आहे, कुणालाही विचारलं असतं तरी हाताला धरून आणून सोडलं असतं. मी तीस वर्षं कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवलेली बाई, मला कोण ओळखत नाही? पण नाही. शेवटी दारात आले ते घामाघूम, आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी मला म्हणाले, "तुमचं घर जागेवर न्हाई."

मी सातवी शिकले. पुढचं जे काय शिकले ते विचारून विचारून, आणि लायब्ररीतून पुस्तकं आणून. विचारायची मला लाज नाही. त्यामुळे असली माणसं बघितली की माझं डोकंच फिरतं. एखादी विद्या अंगात आली की उरलेल्या सगळ्या फुकट मिळाल्या असं वाटायला लागतं यांना.

तिसरी खोड चालण्याची. अक्का मागं, हे पुढं. आता पुढं चालणारे पुरुष मी काही थोडे बघितले नाहीत. आमचे हेही पुढंच चालायचे, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. पण रस्ता ओलांडताना मान मागं वळायची. यांची मान वळायची नाही. कारण विचारलं तर म्हणे, आकडा चुकतो. बायकोबरोबर बाजाराला चाललेत, तरी तोंडातल्या तोंडात मोजणं चालू. कशाला मोजता? तर सवय. अक्का गुडघे धरत पंधरा पावलं मागून पिशवी घेऊन. लग्नात मी तिला म्हटलं, अक्का, तुम्ही हाक का मारत नाही? तर हसली. म्हणाली, हाक मारली की पहिल्यापासनं मोजत्यात, मग अजून उशीर.

लेक आणि जावई नोकरीला प्रागला गेले. चेक नावाच्या देशाची ती राजधानी. तिथं लेकीला दिवस गेले आणि आम्हा तिघांचं जायचं ठरलं. मी आणि अक्का बाळंतपणासाठी, आणि हे कशासाठी ते देवाला ठाऊक. पण तयारी सगळ्यात जास्त यांची. मी डिंकाचे लाडू वळत होते, अक्का बाळंतविडा जमवत होती, आणि यांनी झेरॉक्सच्या दुकानातून प्रागच्या जुन्या भागाचा नकाशा चादरीएवढा मोठा काढून आणला. भिंतीला लावला. त्यावर रस्त्यारस्त्यानं दोरा धरायचा, दोरा पट्टीवर मोजायचा, आणि त्याची पावलं करून वहीत लिहायची. बघायच्या जागांना नंबर दिले, प्लॉट एक ते प्लॉट सतरा. प्रत्येक प्लॉटचा इतिहास कुठून कुठून वाचून मराठीत उतरवला. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, इथं माणसं असतात दाखवायला, नाहीतर फोनच कानात सगळं सांगतो. हे म्हणाले, गाईड म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या मागं फिरायचं. आपलं आपण बघायचं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण यांनी तालीम सुरू केली. रोज पहाटे शाळेच्या मैदानावर वही घेऊन. एवढी पावलं चालायची, थांबायचं, कडुलिंबाकडे तोंड करून सहाशे वर्षांपूर्वीच्या राजाची माहिती मोठ्यानं वाचायची, की पुढं. गावातली माणसं टिंगलीनं विचारायची, आज कुठवर आलं प्राग? आणि हे अगदी गंभीरपणे सांगायचे, राजवाड्याच्या पायथ्याला.

अक्काचं मागणं एकच होतं. लेकीनं तिला फोनवर तिथल्या मोठ्या घड्याळाचा व्हिडिओ दाखवला होता. शेकडो वर्षांचं घड्याळ, भिंतीवर. तास झाला की एक सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि त्यातून बारा साधू एकेक करून पुढे येऊन जातात. शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो. अक्कानं तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल. विमानात मला म्हणाली, ताई, मला बाकी काही दाखवू नका, तेवढं घड्याळ दाखवा. मी म्हटलं, अहो, तुमच्या मालकांच्या वहीत चार नंबरला आहेच ते.

पोचलो त्याच आठवड्यात लेकीला मुलगी झाली, पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघी बाळ-बाळंतिणीत. मग एका सकाळी लेक म्हणाली, आज तुम्ही फिरून या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. अक्कानं नऊवारीखाली सुनेचे बूट घातले, वर मुलाचं जाकीट. यांनी वही घेतली. अक्काचा फोनही यांच्याच खिशात, कारण नवराबायकोला दोन फोन लागतात कशाला. माझा माझ्या पिशवीत.

जावयानं ऑफिसला जाता जाता आम्हाला एका जुन्या काळ्या बुरुजापाशी सोडलं. तो प्लॉट नंबर एक. तो ठीक झाला, कारण आम्ही त्याच्या खालीच उभे होतो. तिथून यांनी टाच लावली आणि निघाले.

आता त्या गावात जमिनीवर काय आहे, तर बोटभर लांबीचे दगड, सगळ्या रस्त्यांना, एकाला एक लावून बसवलेले. त्यावरून चालताना माझ्यासारखी धडधाकट बाईसुद्धा पाय जपून टाकते. वर यांचे बूट नवे, टाच चावणारे. शाळेच्या मुरमाच्या मैदानावरचं अडीच फुटाचं पाऊल त्या दगडांवर दोन फुटांवर आलं, हे मला मागून स्पष्ट दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं. ते मोजत होते.

प्लॉट नंबर दोनला आकडा संपला. यांनी थांबून उजवीकडे तोंड केलं, वही उघडली आणि वाचायला लागले की, ह्या वाड्यात अमुक राणी राहत होती, वरची नक्षी पाहा. समोर चामड्याच्या पिशव्यांचं दुकान. आतली पोरगी बाहेर येऊन हसून आम्हाला पिशवी दाखवायला लागली.

"पाहुणे, हे दुकान आहे," मी म्हटलं.

"जागा हीच हाय. आतनं बदल केला असंल त्यांनी."

पुढं तो मोठा चौक आला. आकडा चौकाच्या मध्येच संपला, एका पुतळ्यापाशी. आणि हे पुतळ्याकडे तोंड करून घड्याळाची माहिती वाचायला लागले. पलीकडं कोपऱ्यात शे-दोनशे माणसं माना वर करून उभी, भिंतीवर घड्याळ लखलखतंय, आणि आमचा हा राजा पुतळ्याला काटे समजावून सांगतोय. अक्का हळूच म्हणाली, अहो, ते तिकडं दिसतंय. तेव्हा नाइलाजानं तिकडं वळले. पण ती पावलं वहीत नव्हती म्हणून चेहरा असा, जणू कुणी यांच्या शेताचा बांध कोरलाय.

घड्याळाखाली पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. वहीत घड्याळाला दहा मिनिटं. दहा मिनिटं झाल्यावर यांनी वही मिटली. अक्का म्हणाली, बाराला साधू निघतात, थांबू की. मी आतापर्यंत अक्काच्या तोंडून कधी "थांबू" ऐकलं नव्हतं.

"बाराला अजून वीस मिंटं हायती," हे म्हणाले. "तेवढ्यात दोन प्लॉट हुत्यात. घड्याळ कुठं पळून चाललंय?" आणि टाच लावून निघालेसुद्धा.

मी पण मूर्ख. त्यांच्या मागं निघाले, अक्का येतेयच असं धरून. गल्ली अरुंद, नागमोडी, माणसांनी भरलेली. मधे एका बंद दारासमोर पाचवा प्लॉट झाला, कुणा ज्योतिषी पंडिताचं घर म्हणून. ते वाचत होते, मी ऐकल्यासारखं करत होते, आणि सहज मागं पाहिलं तर अक्का नाही. गर्दीत दिसत नसेल म्हणून थोडं थांबले. हे पुढं निघालेले. मी पळत जाऊन त्यांना गाठलं. म्हटलं, अक्का नाहीये मागं.

त्यांनी पंजा वर केला. तोच, गच्चीवरचा.

"पाहुणे, अक्का हरवली."

तेव्हा थांबले. पण वळले नाहीत. तोंड पुढंच. म्हणाले, "तुमी जावा मागं, बघून या. मी हितंच हुबा ऱ्हातो. चारशे बारा झाल्यात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. परक्या मुलखात बायको हरवली, तिला तिथली एक ओळ वाचता येत नाही, जवळ फोन नाही, घराचा पत्ता पाठ नाही, आणि हा माणूस चारशे बाराचा आकडा सांडू नये म्हणून गल्लीत मैलाच्या दगडासारखा उभा राहणार. ओठ हलत होते. चारशे बारा, चारशे बारा. मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं. वेळ नव्हता.

मी उलटी निघाले. लेकीला फोन लावायला हात गेला होता, पण ओली बाळंतीण, तिला घाबरवायचं नाही. त्या नागमोडी गल्लीत एक वळण चुकले आणि भलत्याच अंगणात निघाले. पण विचारायला काय लागतं? एका म्हातारीला हातानं गोल करून दाखवलं, टिक टिक म्हटलं, मान वर करून आ वासला. तिनं माझा दंड धरून कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं.

चौकात शिरले आणि घंटा सुरू झाली. सगळ्यांचे फोन वर. त्या सगळ्या उंच माणसांच्या मधे एक ठेंगणी नऊवारी दिसली. अक्का मान वर करून उभी होती. मी तिच्याजवळ पोचले, तिनं माझा हात धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही दोघींनी शेवटपर्यंत बघितलं. सांगाड्यानं दोरी ओढली, साधू आले गेले, खिडक्या मिटल्या, कोंबडा आरवला. लोक पांगले.

मग मी तिला बोलले. जे तोंडाला येईल ते. म्हटलं, अक्का, हरवलात म्हणून माझा जीव जात होता. हाक तरी मारायची.

"हरवले न्हाई मी, ताई. हितंच थांबले." जाकिटाची चेन वर खाली करत होती. "हाक मुद्दाम मारली न्हाई. म्हटलं बघू, वळून बघत्यात का. त्या कोपऱ्यापर्यंत दिसत हुते मला. पार कोपऱ्यापर्यंत."

"मग?"

"ग्येले की."

रडली वगैरे नाही. दूध नासलं हे सांगताना बाई जसं सांगते तसं सांगितलं. मला वाटलं, ही काही आज थांबली नव्हती. वाट बघायला लागून हिला तीसेक वर्षं तरी झाली असतील.

मी म्हटलं, चला, ते तिथं आकडा धरून उभे आहेत. अक्का म्हणाली, राहू द्या उभं. एकला परत निघतात का हे साधू? मी म्हटलं, दर तासाला. मग आम्ही पुतळ्याच्या पायरीवर बसून दशम्या खाल्ल्या, आणि एक वाजता सगळं पुन्हा बघितलं. दुसऱ्यांदा अक्कानं साधू मोजले, म्हणजे बोटावर, बारा भरतात का ते. भरले. मग नदी कुठं म्हणून एकाला हात हलवून विचारलं, नदीकाठी बदकांना दशमीचा तुकडा टाकला, आणि ट्राम विचारत विचारत चारपर्यंत घरी.

हे साडेपाचला आले. चेहरा लाल, पायाला फोड. खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि मुलाला सांगायला लागले की सतराच्या सतरा प्लॉट झाले. पुलावर काय काय आहे ते सांगितलं. तिथं एका पाद्र्याचा पुतळा आहे, त्याच्याजवळ राणीनं आपलं मन मोकळं केलं होतं, राजानं काय म्हणाली म्हणून विचारलं, तर त्यानं सांगितलं नाही, म्हणून राजानं त्याला पुलावरून नदीत टाकून दिला. मी कणीक मळत होते. मनात म्हटलं, यांना कुणी नदीत टाकणार नाही. यांच्याजवळ मन मोकळं करायला आलंय कोण?

"लई बारीक काम हाय त्या पुतळ्याचं," हे म्हणाले. "सगळ्यांना दाखवलं नीट."

अक्का नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तवा मी कुटं हुते?"

"मागं."

"न्हवते."

"मागंच हुतीस की."

"न्हवते मी," अक्का म्हणाली. "घड्याळापासनं न्हवते."

जावयानं फोनमध्ये डोकं घातलं. लेक बाळाचं दुपटं बदलायला आत गेली, बाळ इथं मांडीवर असताना. यांनी खाली वाकून पायाच्या फोडाला हात लावला. आपण गल्लीत किती वेळ उभे राहिलो, पुढं गेलो तर कुणाला सांगत गेलो, पुलावर वळून पाहिलं तेव्हा काय वाटलं, यातलं काही बोलले नाहीत. वळून पाहिलंच नसेल असं मी म्हणत नाही. पण पाहिलं असेल आणि तरी संध्याकाळी येऊन "सगळ्यांना दाखवलं" म्हणत असतील, तर ते मला जास्त वाईट वाटतं. जेवायला बसले, दोन पोळ्या खाल्ल्या आणि झोपले.

त्यानंतर अक्का रोज बाहेर पडायला लागली. बाळाला तेल लावून, आंघोळ घालून, धुरी देऊन झाली की आम्ही दोघी. तिनं ट्रामचा नंबर ओळखायला शिकून घेतला. कुणालाही अडवायची आणि मराठीत विचारायची, आणि माणसं तिला सांगायची, काय सांगायची देव जाणे, पण आम्ही पोचायचो. हे घरी बसून खिडकीतून बघत असत. एकदा म्हणाले, कुठं जाता त्याची नोंद तरी करून ठेवा. अक्का म्हणाली, बरं. आणि केली नाही.

त्यांचं परतीचं तिकीट माझ्या आधीचं निघालं, उसाच्या लागणीची कामं होती म्हणून. तिकीट अक्काचंही त्यांच्याबरोबरच होतं. आदल्या दिवशी भाजी निवडताना अक्कानं सुनेला सांगितलं की मी थांबते, ताईंबरोबर येईन. यांनी ते शेजारी बसून ऐकलं. विचारलं नाही, तुला का थांबायचंय म्हणून. सामान बांधताना फक्त म्हणाले की हिचा स्वेटर माझ्या बॅगेत यायला नको.

विमानतळावर जावई गाडी लावून येत होता. यांनी अक्काला घराच्या किल्ल्या कुठं ठेवणार ते सांगितलं, म्हशीला पेंड किती टाकतो ते सांगितलं, आणि पासपोर्ट हातात घेऊन तपासणीच्या दाराकडे निघाले. ताठ, पुढं बघत. अक्कानं पदर सारखा केला.

"चला ताई," म्हणाली. "पोरीच्या आंघोळीची येळ झाली."

मी म्हटलं, थांबा, आत जाईपर्यंत तरी बघा, वळतील कदाचित.

"वळू द्यात," अक्का म्हणाली आणि निघाली. गुडघे दुखत असूनही झपझप गेली, बाहेर जायच्या पाटीकडं बघत.

मी थांबले. मला बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. दाराशी पोचल्यावर ते उभे राहिले, मागच्या माणसानं जवळजवळ धक्का मारला. आणि वळले. टाचा उंचावून, मान लांब करून इतक्या माणसांवरून बघत राहिले. दिसले त्यांना मीच. मग त्यांनी हात वर करून पंजा फिरवला. ती कुठं आहे?

मी बोटानं बाहेरचं दार दाखवलं, आणि अक्काला गाठायला निघाले.